श्वासाचं माप

व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस वाचला, किंवा लावला म्हणजे संपला. करोनाच्या काळात दोन्ही ऐकलं. मी डॉक्टर नाही, जुने शोधनिबंध वाचायचा नाद आहे एवढंच. त्यातून हाती लागलेली हकिकत या दोन टोकांच्या मधली आहे.

१९६७च्या ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डेन्व्हरच्या अॅशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हिन यांनी १२ रुग्णांची हकिकत छापली. कुणी अपघातात जखमी, कुणाला विषाणूचा संसर्ग, कुणाच्या स्वादुपिंडाला सूज. पण पुढचं सगळ्यांचं सारखंच. दाहामुळे वायुकोशांच्या भिंती पाझरतात, आत द्रव साचतो, फुप्फुस ताठर होतं, आणि दिलेला प्राणवायू रक्तात उतरत नाही. सात जण दगावले. आज या विकाराला एआरडीएस म्हणतात.

उपाय एकच, यंत्राने श्वास देणं. आपण सहज श्वास घेतो तो साधारण अर्ध्या लिटरचा. यंत्र किलोमागे १० ते १५ मिलिलिटर ढकलत असे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६०० ते ९००. भूल देताना लहान श्वासांनी वायुकोश मिटतात हा अनुभव त्यामागे होता. शिवाय मोठ्या श्वासाने रक्तातला प्राणवायू वाढलेला दिसे, आणि रिपोर्ट सुधारला की सगळ्यांनाच हायसं वाटतं.

१९७४मध्ये वेब आणि टियर्नी यांनी निरोगी उंदरांना जोरदार दाबाने श्वास दिला. तासाभरात त्यांची फुप्फुसं पाण्याने भरली. १९८८मध्ये फ्रान्समध्ये ड्रेफुस आणि सोमाँ यांनी उंदरांची छाती-पोट आवळून तोच प्रयोग केला. दाब मोठा, पण फुगायला जागा नाही. फुप्फुसं शाबूत राहिली. दोष दाबाचा नव्हता, ताणाचा होता. दरम्यान मिलानच्या गॅटिनोनींना सीटी स्कॅनमध्ये दिसलं, की अशा रुग्णाच्या फुप्फुसात हवा घेऊ शकणारा भाग उरतो तो पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढाच. त्यात आपण मोठ्या माणसाचा श्वास कोंबत होतो. पुढे १९९७मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दाखवलं, की अति ताणलेलं फुप्फुस नुसतं फाटत नाही, तर टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे दाह भडकवणारे रेणू सोडतं. हे रक्तावाटे मूत्रपिंड, यकृतापर्यंत जाऊन तिथेही घात करत असावेत, असा तर्क त्यातून निघाला.

अखेर २०००मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्यांत मृत्यू ३९.८ टक्के, सहा दिलेल्यांत ३१. फरक इतका स्पष्ट, की ८६१ रुग्णांवरच चाचणी थांबवली. लहान श्वासवाल्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ही कमी होतं. आणि पहिल्या काही दिवसांत प्राणवायूचा आकडा मात्र त्यांचाच वाईट होता!

उंदरांपासून माणसांपर्यंत यायला २६ वर्षं लागली, ती मला या आकड्यामुळेच लागली असं वाटतं. यातला किलोही वजनकाट्यावरचा नव्हे. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही, ते उंचीनुसार असतं. त्यामुळे श्वासाचं माप ठरवण्याआधी खाटेवरच्या रुग्णाची उंची मोजायची असते, टेपने.