गणितातील समूहप्रकल्प

विद्यापीठीय गणिताच्या अभ्यासक्रमात अखेरच्या वर्षी किंवा सत्रात काही विद्यार्थ्यांच्या लहान गटाने एखादा प्रश्न निवडावयाचा, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली काही महिने त्याचा अभ्यास करावयाचा आणि निष्कर्ष लेखी अहवाल व तोंडी निवेदन अशा दोन्ही रूपांत मांडावयाचे, या अध्यापनपद्धतीस समूहप्रकल्प म्हणतात. लेखी परीक्षेत ठराविक वेळात एकट्याने उत्तरे लिहावी लागतात आणि ती उत्तरे परीक्षकास आधीच माहीत असतात. प्रकल्पात मात्र उत्तर आहे की नाही, हेही पुष्कळदा प्रारंभी माहीत नसते. पुणे शहरातील गणिताच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात या दोन्ही प्रवृत्ती शेजारी शेजारी नांदलेल्या दिसतात. तथापि पदवी मिळे ती पहिलीच्या बळावर, दुसरी प्रदीर्घ काळ अभ्यासक्रमाबाहेरच राहिली.

जागतिक पार्श्वभूमी : गणिताच्या सामूहिक अभ्यासाचे आद्य विद्यापीठीय रूप म्हणजे जर्मनीतील चर्चासत्रे. १८३४ मध्ये केनिग्झबर्ग येथे याकोबी व नॉयमान यांनी गणित व भौतिकीचे चर्चासत्र सुरू केले. पुढे फेलिक्स क्लाइन यांनी आपल्या चर्चासत्रांतील व्याख्यानांच्या नोंदवह्या चार दशके जतन केल्या. प्रकल्पाला अभ्यासक्रमाचा भाग करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. १९६८ मध्ये ऑक्सफर्ड येथे गणितज्ञ व उद्योजक यांना एकत्र आणणारे अभ्यासगट सुरू झाले. डेन्मार्कमधील रॉस्किल्ड विद्यापीठाने १९७२ मध्ये स्थापनेपासूनच गटप्रकल्पाला शिक्षणाचा पाया मानले. अमेरिकेतील हार्वी मड महाविद्यालयाने १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘गणित चिकित्सालया’त विद्यार्थ्यांचा गट बाहेरील संस्थेने दिलेल्या प्रश्नावर वर्षभर काम करतो. याउलट टेक्सस येथील आर. एल. मूर यांच्या प्रसिद्ध पद्धतीत विद्यार्थ्यांनी परस्परांची मदत घेण्यास सक्त मनाई होती. त्या पद्धतीतूनही नामांकित गणितज्ञ घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुण्यातील परंपरा : एकोणिसाव्या शतकात डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–८४) यांनी गणित व ज्योतिष यांच्या अध्यापनाचा पाया घातला. बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे विद्यार्थी होत. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न असल्याने शिक्षणाचे स्वरूप त्या विद्यापीठाच्या लेखी परीक्षा ठरवीत असत.

एकट्याच्या गुणवत्तेचा आदर्श रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) यांच्या रूपाने पुण्यासमोर उभा राहिला. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते प्रथम क्रमांकाचे रँग्लर झाले. हा मान त्यांना जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून मिळाला होता. परंतु महाराष्ट्राच्या स्मरणात हे विभाजन फारसे राहिले नाही. ‘रँग्लर’ हे त्यांच्या नावामागील बिरुदच बनले. केंब्रिजने मात्र १९०९ नंतर ही क्रमवारी जाहीर करणे बंद केले. गुणानुक्रमाच्या शर्यतीने खऱ्या गणिताची हानी होते, हा आक्षेप त्यामागे होता.

याच परांजप्यांचा संबंध एका अगदी वेगळ्या उपक्रमाशीही आला. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या उपजिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या व पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेचे ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले. एकेकट्या शिक्षकाला न परवडणारी परदेशी नियतकालिके वर्गणीतून घ्यावयाची व ती सभासदांमध्ये फिरवावयाची, अशी ही व्यवस्था होती. संस्थेच्या नियतकालिकात वाचक प्रश्न घालत व इतर वाचक ते सोडवीत. श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध १९११ मध्ये याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा रीतीने परीक्षेच्या खोलीत एकाकी असलेले गणित ग्रंथालयात सामूहिक होते; पण या दुसऱ्या कामाला गुण नव्हते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४५ पर्यंत फर्ग्युसनमध्ये अध्यापन केले. चलनात राहिलेले नाणे झिजते, म्हणून त्याच्या घटत्या वजनावरून ते किती काळ वापरात होते याचा अंदाज करता येतो, या तत्त्वावर त्यांनी प्राचीन आहत नाण्यांचा सांख्यिकीय अभ्यास केला. असा प्रश्न एकाच वेळी वजनमापन, सांख्यिकी व इतिहास यांत शिरतो. तो प्रश्नपत्रिकेत मावत नाही.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच्या गणित व सांख्यिकी विभागाची धुरा १९५३ ते १९७६ या काळात वि. श. हुजुरबाजार यांनी सांभाळली. १९७६ मध्ये बैजिक भूमितीचे जगद्विख्यात अभ्यासक श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था स्थापून परीक्षेच्या चौकटीबाहेर गणित करण्यास एक कायमची जागा दिली. २००६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या (पुणे) पंचवार्षिक अभ्यासक्रमात अखेरचे वर्ष संशोधन प्रकल्पास दिलेले आहे. मात्र तो प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे करावयाचा असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० अन्वये चार वर्षांच्या पदवीत संशोधन प्रकल्पाची तरतूद झाल्याने हा विषय संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोहोचला.

कार्यपद्धती : प्रश्नाची निवड हा प्रकल्पाचा सर्वांत कठीण भाग होय. शुद्ध गणितातील उदाहरण म्हणून भास्कराचार्यांची चक्रवाल पद्धती (११५०) घेता येईल. क्ष चा वर्ग उणे य च्या वर्गाची ६१ पट बरोबर १, या समीकरणाची सर्वांत लहान धन पूर्णांकी उत्तरे क्ष = १७६६३१९०४९ व य = २२६१५३९८० अशी येतात. गटातील एकाने मूळ संस्कृत सूत्र लावावे, दुसऱ्याने पद्धती नेहमी यशस्वी का होते याची सिद्धता अभ्यासावी, तिसऱ्याने संगणकावर गणन करावे, चौथ्याने १६५७ मधील फेर्माचे आव्हान व पुढील लाग्रांझ यांचे कार्य यांच्याशी तुलना करावी. अनुप्रयुक्त गणितात खडकवासला साखळीतील धरणांची आवक, बाष्पीभवन व शहराचा उपसा यांचे प्रतिमान मांडता येते. दोन्ही ठिकाणी एकाचे काम चुकले, तर सर्वांचा निष्कर्ष ढासळतो. म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याची सिद्धता तपासावीच लागते. हाच या पद्धतीचा मुख्य लाभ होय.

मूल्यमापन : सामूहिक कामाला वैयक्तिक गुण कसे द्यावयाचे, हा मूलभूत वाद आहे. डेन्मार्कमध्ये एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शासनाने गटपरीक्षेस मनाई केली व पुढील दशकात ती उठविली, यावरून त्याची तीव्रता कळते. अहवालाचे गुण सर्वांना समान आणि मौखिक परीक्षेचे गुण प्रत्येकास वेगळे, हा रूढ तोडगा होय. मौखिक परीक्षेत विद्यार्थ्यास सोबत्याने लिहिलेल्या भागावर प्रश्न विचारल्यास आयता अहवाल व आळशी भागीदार हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी उघडे पडतात. मात्र त्यासाठी मार्गदर्शकाला प्रत्येक गटाचे काम मुळापासून वाचण्याइतका वेळ असावा लागतो. मोठे वर्ग व अपुरे अध्यापक असलेल्या महाविद्यालयांत तो न मिळाल्यास प्रकल्प हा केवळ बांधीव वहीचा उपचार ठरतो, आणि मग जुनी लेखी परीक्षाच अधिक न्याय्य वाटू लागते.