खानदेशच्या आकाशात ट्रॅफिक पोलीस कोण? सेसना, प्रवासी विमान आणि सुखोई यांना एकमेकांपासून दूर ठेवणारी यंत्रणा

शिरपूर, चोपडा किंवा जळगावजवळच्या कुसुंब्यात राहत असाल तर हे दृश्य रोजचं आहे. एक छोटं पांढरं विमान येतं, गावावरून गिरक्या घेतं, खाली येतं, परत वर जातं. मग गावाच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकतो: "हे विमान सकाळपासून का फिरतंय?" तिकडे नाशिक जिल्ह्यात ग्रुपवर वेगळाच प्रश्न असतो. अचानक मोठा धमाका होतो, खिडक्यांच्या काचा हादरतात आणि पाच मिनिटांत "भूकंप झाला का?" असे मेसेज सुरू होतात. भूकंपमापकावर काहीच नसतं. तो आवाज बहुतेक वेळा ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या लढाऊ विमानाचा असतो.

ही विमानं आणि आपल्या डोक्यावरून जाणारी प्रवासी विमानं एकाच आकाशात असतात. मग ती एकमेकांवर आदळत का नाहीत? थोडक्यात उत्तर असं, की नागरी आणि लष्करी असे दोन वेगळे नियंत्रक फोनवर एकमेकांशी बोलत असतात म्हणून. पण हे बोलणं कसं चालतं आणि कुठे तोकडं पडतं, ते जरा सविस्तर बघायला हवं.

आधी आकाशात कोण कोण आहे ते बघू. सगळ्यात खाली, साधारण दोन ते पाच हजार फुटांवर, शिकाऊ पायलट. शिरपूरला एसव्हीकेएमच्या एनएमआयएमएस संस्थेची वैमानिक प्रशिक्षण अकादमी आहे. धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर बॉम्बे फ्लाइंग क्लबने प्रशिक्षण चालवलं. २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर नऊ प्रशिक्षण संस्थांना जागा दिली, त्यातल्या दोन जळगावच्या वाट्याला आल्या. सगळ्यात वर, तीस ते चाळीस हजार फुटांवर, मोठी प्रवासी विमानं. त्यांचं नियंत्रण मुंबईच्या एरिया कंट्रोल केंद्राकडून होतं, कारण खानदेशचं आकाश मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात येतं.

आणि लष्कर? नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा म्हणजे एचएएलचा कारखाना आहे. सुखोई-३० तिथेच बनली, दुरुस्तीलाही तिथेच येतात. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही तिथेच आहे. नाशिक रोडच्या गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर पायलटांना शिकवणारी शाळा आहे, २००३ पासून. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तोफेचा गोळासुद्धा हजारो फूट वर जातो, त्यामुळे गोळाबाराच्या वेळी तिथलं आकाशही बंद ठेवावं लागतं. हे सगळं नाशिकचं झालं, खानदेशाशी काय संबंध, असं वाटेल. पण ओझर ते धुळे सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला हे अंतर म्हणजे आठ-साडेआठ मिनिटं. एसटीला लागतात तेवढे तास हिशोबात धरू नका.

नंबर मिळाल्याशिवाय चाक हलत नाही

समजा, शिरपूरच्या विद्यार्थ्याला औरंगाबादपर्यंत (आताचं छत्रपती संभाजीनगर) एकट्याने जाऊन यायचं आहे. विमानात बसण्याआधी तो उड्डाण आराखडा देतो: कुठून कुठे, किती उंचीने, किती वाजता, पोटात इंधन किती तासांचं. मग त्याला दोन नंबर लागतात. पहिला नागरी बाजूचा, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा. दुसरा 'एअर डिफेन्स क्लिअरन्स'चा, ज्याला पायलट नुसतं एडीसी म्हणतात. हा दुसरा नंबर हवाई दलाच्या लायझन युनिटकडून येतो. धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या सरावासाठी नियम जरा वेगळे आहेत, पण लांबच्या उड्डाणाला नंबर नसेल तर निघता येत नाही.

एका विद्यार्थ्याच्या सेसनाशी हवाई दलाला काय करायचंय? हवाई संरक्षणाच्या रडारवर प्रत्येक ठिपका 'आपला' की 'अनोळखी' हे ठरवावं लागतं. नंबर असलेला ठिपका यादीत सापडतो. नंबर नसलेला सापडत नाही, आणि मग चौकशी सुरू होते. म्हणजे या नंबरचा एक उपयोग देशाच्या संरक्षणाचा. दुसरा असा, की हवाई दलाला आधीच कळतं, अमुक वेळी अमुक उंचीवर एक शिकाऊ पायलट असणार आहे.

उलट दिशेने माहिती येते ती वेगळ्या रूपात. प्रवासी विमानाला ठरलेली वाट असते, लढाऊ विमानाच्या सरावाला नसते. तो पायलट दोन-चार मिनिटांत पाच हजार फुटांवरून तीस हजारांवर जाईल, उलटा होईल, परत खाली सूर मारेल. अशा उड्डाणाची रेघ कागदावर काढता येत नाही. म्हणून हवाई दल आकाशातला एक डबाच मागून घेतं: इतक्या अक्षांश-रेखांशांच्या आत, इतक्या फुटांपासून इतक्या फुटांपर्यंत, इतके ते इतके वाजेपर्यंत. मग नोटॅम निघतो, म्हणजे पायलटांसाठीची अधिकृत सूचना. सोशल मीडियावर नोटॅमचा नकाशा दिसला की लगेच "क्षेपणास्त्र चाचणी?" अशा पोस्ट येतात. कधी ते खरं असतंही. पण नोटॅम दिवे बंद असल्याचा, धावपट्टीवर काम चालू असल्याचा किंवा नेहमीच्या सरावाचाही निघतो, आणि तेच प्रमाण जास्त.

आता मुद्द्याची गोष्ट. लढाऊ विमानं बहुतेक वेळा लष्करी फ्रिक्वेन्सीवर त्यांच्या स्वतःच्या नियंत्रकाशी बोलतात. प्रवासी विमान नागरी फ्रिक्वेन्सीवर. त्यामुळे दोन पायलट एकमेकांचा आवाज ऐकतीलच असं नाही. सराव लवकर संपला, डबा रिकामा झाला किंवा एखाद्या प्रवासी विमानाला वादळी ढग टाळण्यासाठी डब्याच्या बाजूला वळायचंय, तर नागरी नियंत्रक लष्करी नियंत्रकाला फोन करतो आणि होकार आल्यावरच आपल्या पायलटला सांगतो. जूनमध्ये ढगांच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा असे फोन किती होत असतील, याची कल्पना करा.

१९९६ नंतर काय बदललं

१२ नोव्हेंबर १९९६. हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं इल्युशिन-७६ हवेत आदळलं. दोन्ही विमानांतले सगळे, ३४९ जण गेले. सौदी विमानाला १४ हजार फूट आणि कझाक विमानाला १५ हजार फूट उंची दिली होती. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं. चूक तिथे झाली, हे खरं. पण दोन विमानं समोरासमोर एकाच वाटेवर का होती? कारण तेव्हा दिल्लीभोवतीचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना एकच अरुंद वाट उरली होती. दुपदरी रस्त्यावर दुभाजक नाही, अशी अवस्था. अपघातानंतर येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी झाली, आणि विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली.

त्यातून पुढे जो विचार रुजला त्याला 'आकाशाचा लवचीक वापर' म्हणतात. आकाश कायमचं लष्करी किंवा कायमचं नागरी समजायचं नाही. हवं तेव्हा घ्यायचं, काम झालं की सोडायचं. धोरण वरच्या पातळीवर ठरतं, आदल्या दिवशी वाटप होतं आणि प्रत्यक्ष वेळी फोनवर फेरफार. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं, की देशातलं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळेपणाने मिळतं आणि निर्बंध सैल केले तर वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपये वाचतील. सरळ वाट म्हणजे कमी इंधन, इतका साधा हिशोब आहे.

जळगावकरांना याचा अनुभव तिकीट काढून घेता येतो. २०२४ मध्ये फ्लाय ९१ ने जळगाव-पुणे विमानसेवा सुरू केली. जळगावचा टॉवर विमानतळ प्राधिकरणाचा, पण पुण्याचं लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं. तिथे तुमच्या विमानाला उतरायची परवानगी देणारा नियंत्रक हवाई दलाचा असतो, आणि तीच धावपट्टी सुखोईही वापरतात. पुण्याच्या आकाशात विमान पाच-दहा मिनिटं घिरट्या घालत राहिलं, तर त्यामागे हेही एक कारण असू शकतं. नाशिकचं विमान पकडलंत तर ओझरला नियंत्रण एचएएलचं.

कमकुवत दुवा खाली आहे

वरच्या उंचीवर ही व्यवस्था भक्कम आहे. रडार आहे, टीकॅस आहे, नियंत्रक आहे. माझ्या मते काळजीची जागा खाली आहे, जिथे आपले विद्यार्थी उडतात.

नियंत्रित क्षेत्राच्या बाहेर, कमी उंचीवर, पायलट रेडिओवर स्वतःची जागा सांगत राहतो आणि डोळ्यांनी बाहेर बघत राहतो. तिथून चुकून सरावाचं हेलिकॉप्टर आलं तर त्याच्याही पायलटचे डोळेच कामाचे. शिकाऊ विमानांत सहसा टीकॅस नसतं. शिवाय रेडिओचा आवाज सरळ रेषेत जातो. ३५ हजार फुटांवरून तो चारशे किलोमीटरपर्यंत पोहोचतो, एक हजार फुटांवरून जेमतेम सत्तर, आणि मध्ये सातपुड्याची रांग आली तर त्याहून कमी.

१६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ पायलट जखमी झाली. ही टक्कर नव्हती, लष्कराचाही संबंध नव्हता. पण त्या डोंगराळ भागात सगळ्यात आधी पोहोचले ते आसपासचे आदिवासी गावकरी, आणि त्यांनीच कापडाची झोळी करून जखमी मुलीला खाली आणलं. कमी उंचीवरच्या आकाशाकडे किती कमी डोळे असतात, हे त्या दिवशी दिसलं.

लष्करी उड्डाणांचा धोकाही जमिनीवर दिसलेला आहे. ४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई शेतात कोसळलं. दोन्ही पायलट आधीच बाहेर पडले होते. आणि उड्डाणं वाढणार आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एचएएलच्या नाशिक कारखान्यात तेजस एमके-१ए आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाच्या नव्या उत्पादन साखळ्या सुरू झाल्या. प्रत्येक नवं विमान सुपूर्द होण्याआधी हवेत तपासलं जातं, म्हणजे आणखी डबे, आणखी नोटॅम.

एक शेवटची गोष्ट, कारण वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना तिचा उपयोग होईल. फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर आकाश रिकामं दिसलं म्हणजे ते रिकामं असतं असं नाही. लष्करी विमानं तिथे सहसा दिसत नाहीत, काही छोटी विमानंही नाहीत. त्यामुळे ॲप बघून ड्रोन उडवू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते आणि त्याहून जवळ परवानगीच लागते. लग्नाचं शूटिंग कुसुंब्याच्या लॉनवर असेल तर आधी डिजिटल स्कायचा नकाशा उघडून बघा. त्याच वेळी कुणीतरी एकोणीस वर्षांचा मुलगा तिथे आयुष्यातलं पहिलं एकट्याचं लँडिंग करत असेल.