राष्ट्रीय पाळणाघर योजना

राष्ट्रीय पाळणाघर योजना ही नोकरी अथवा मजुरी करणाऱ्या मातांच्या ६ महिने ते ६ वर्षे वयोगटातील मुलांना दिवसा सांभाळण्यासाठी सार्वजनिक निधी पुरविणारी भारत सरकारची योजना होती. २०२२ मध्ये तिची पुनर्रचना होऊन ती 'मिशन शक्ती'च्या 'सामर्थ्य' या उपयोजनेत 'पाळणा' या नावाने समाविष्ट करण्यात आली.

इतिहास

नोकरदार व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना केंद्र सरकारने १९७५ पासून अनुदान देण्यास सुरुवात केली. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापन झाला. या दोहोंचे एकत्रीकरण करून १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना लागू झाली. १ जानेवारी २०१७ पासून योजनेची अंमलबजावणी राज्यांकडे सोपविण्यात आली.

स्वरूप

एका पाळणाघरात २५ मुले, एक सेविका व एक मदतनीस असे प्रमाण होते. महिन्यातून २६ दिवस, दररोज साडेसात तास पाळणाघर उघडे ठेवणे बंधनकारक होते. झोपण्याची सोय, पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरण व आरोग्य तपासणी यांचा सेवांत समावेश होता.

निधी

२०१७ नंतर बहुतेक राज्यांत खर्चाची विभागणी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के अशी होती. पालकांकडून दरमहा शुल्क घेतले जाई. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना ते २० रुपये होते. सेविकेस दरमहा ३,००० व मदतनिसास १,५०० रुपये मानधन मिळे. 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्यात आली असून अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तिचा लाभ आईच्या नोकरीच्या अटीविना घेता येतो.

कायदेशीर तरतुदी

शासकीय निधीखेरीज मालकावरही जबाबदारी टाकण्यात आली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ३० पेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनुसार ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनाही ही अट लागू झाली.

हंगामी स्थलांतरितांची मुले

कायमस्वरूपी जागी चालणारे पाळणाघर स्थलांतरित मजुरांना अपुरे पडते. कोल्हापूर जिल्हा हा ऊस उत्पादनाचा प्रदेश असून कोल्हापूर शहरालगतच्या कसबा बावडा येथेही छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात पश्चिम महाराष्ट्रात येणारी ऊसतोड कुटुंबे फडाजवळ वा कारखान्याच्या परिसरात तात्पुरत्या खोपटांत राहतात. तोडणी पहाटे सुरू होत असल्याने लहान भावंडांना सांभाळण्याचे काम अनेकदा शाळकरी मुलींवर येते व त्यांचे शिक्षण खंडित होते. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या पाळणाघराचा प्रश्न मोठ्या बहिणीच्या शाळेशी जोडलेला असतो. अशा मुलांसाठी राज्यात साखरशाळा चालविण्यात आल्या, तसेच मुलांना मूळ गावीच ठेवता यावे म्हणून शासकीय निधीतून हंगामी वसतिगृहे सुरू करण्यात आली.

शाळेनंतरचा वेळ

योजनेची वयोमर्यादा सहा वर्षे असल्याने शाळा सुटल्यानंतर पालक घरी येईपर्यंतचा वेळ तिच्या कक्षेबाहेर राहतो. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत 'मोबाइल क्रेशेस' हे कार्य सुरू केले. पुढे मुंबईतही त्याचा विस्तार झाला. तेथील केंद्रांत तान्ह्या बाळांबरोबर शाळकरी मुलांचीही काळजी घेतली जाते व त्यांना अभ्यासात साहाय्य दिले जाते.