कासवं वाढली, मग मच्छीमार का वैतागले? अगत्तीच्या लगूनची गोष्ट

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावणं जमत नाही, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जे पटकन निसटलं, ते इथे नीट लिहिलंय.

गेल्या डिसेंबरात मी लक्षद्वीपला गेलो होतो. कोचीहून छोट्या विमानाने साधारण दीड तासात अगत्ती. बेट इतकं चिंचोळं आहे की विमान उतरताना दोन्ही खिडक्यांतून समुद्रच दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंडात स्नॉर्कलची नळी धरून लगूनमध्ये डोकं घातलं. लगून म्हणजे प्रवाळाच्या भिंतीच्या आतलं उथळ, शांत पाणी. बाहेर भिंतीवर लाटा फुटत असतात आणि आत पाणी तळ्यासारखं. अर्ध्या तासात मी सात कासवं मोजली. हिरवी समुद्री कासवं, एकेक परातीपेक्षा मोठं. एक तर माझ्या खालून असं संथ गेलं, जणू त्याला सोमवारची स्टँडअप मीटिंग वगैरे काही नाहीच.

संध्याकाळी मी व्हिडिओ टाकला. कॅप्शन होती, 'समुद्र निरोगी असेल तर असा दिसतो.' भरपूर लाइक्स आले. धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमारांना मी तो कौतुकाने दाखवला. मी त्यांना 'इक्का' म्हणत होतो. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "कासव दिसलं. गवत कुठे दिसलं?"

मी परत व्हिडिओ पाहिला. खाली नुसती पांढरी वाळू होती.

हा एपिसोड त्या प्रश्नामुळे झालाय. आम्हा कोडिंगवाल्यांची एक सवय असते. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असलं तरी जुने लॉग उघडून बघायचे. तर चला, या लगूनचे लॉग उघडू.

सगळ्यात आधी आकडे. लक्षद्वीपची सगळी जमीन मिळून फक्त 32 चौरस किलोमीटर. लगूनचं पाणी मात्र सुमारे 4200 चौरस किलोमीटर. म्हणजे इथल्या माणसांचं खरं शेत, अंगण आणि कारखाना पाण्यातच. शेकडो वर्षं इथलं मुख्य पीक नारळ. नारळाची सोडणं लगूनच्या काठच्या वाळूत महिनोन्‌महिने पुरून कुजवायची, मग बायका ती बडवून काथ्या वळायच्या. हा काथ्या शिडाच्या होड्यांतून मलबार आणि मंगळूरच्या किनाऱ्यावर जायचा आणि येताना तांदूळ यायचा. या काथ्याला इतका भाव होता की बेटांवर हुकूमत असलेल्या कन्नूरच्या अरक्कल घराण्याने त्याच्या व्यापारावर मक्तेदारी बसवली. बेटावरच्या लोकांनी त्याविरुद्ध भरपूर तक्रारीही केल्या.

आता यात कासव कुठे येतं? होडीत. इथल्या जुन्या होड्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसायच्या, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असायच्या. पाणी आत झिरपू नये, लाकूड टिकावं म्हणून त्यावर कासवाच्या चरबीचं तेल चोळायचे. त्यासाठी कासवं मारली जायची.

मग स्वातंत्र्यानंतरचा काळ. 1956 साली ही बेटं केंद्रशासित प्रदेश झाली. 1960 च्या दशकात सरकारने यांत्रिक बोटी आणल्या आणि मिनिकॉय बेटाची खास ट्यूना पकडण्याची पद्धत बाकीच्या बेटांवर शिकवायला सुरुवात केली. ही पद्धत भारी आहे. पहाटे लगूनमधून बोटाएवढे चंदेरी मासे जाळ्याने पकडायचे आणि बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे. खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की हे छोटे मासे पाण्यात फेकायचे आणि वरून पाण्याचे फवारे मारायचे. ट्यूना वेडे होऊन वर येतात. मग एकेक गळाने, एकेक मासा, थेट बोटीत. समुद्राचा तळ खरवडणारी मोठी जाळी इथे वापरतच नाहीत. पण लक्षात घ्या, ट्यूना बाहेर मिळतो, त्याचं आमिष मात्र लगूनमध्ये. लगून आजारी पडलं तर बाहेरची मासेमारीही अडते.

आणि मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. पुढे समुद्री कासवांना त्यात सर्वोच्च संरक्षण मिळालं. शिकार थांबली. होड्याही बदलल्या, त्यामुळे तेलाची गरजही संपत गेली. हिरव्या कासवाला वयात यायला दोन-तीन दशकं लागतात. म्हणजे कायद्याचा परिणाम दिसायला एक पिढी जावी लागते. त्यात शार्कची मासेमारी झाली आणि कासवांना खाणारा मोठा शत्रूही कमी झाला. या शतकाच्या पहिल्या दशकात अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची प्रचंड गर्दी झाली.

मोठं झालेलं हिरवं कासव मुख्यतः शाकाहारी. त्याचं जेवण म्हणजे समुद्री गवत. ही फुलं येणारी वनस्पती आहे, शेवाळ नाही. त्याला मुळं असतात, फुलं येतात. ते वाळू धरून ठेवतं आणि माशांची पिल्लं त्यात लपून मोठी होतात. अगत्तीच्या कासवांनी हे कुरण आधी बुटकं केलं, मग विरळ, मग जवळपास संपवलं. संशोधकांनी मोजलं तेव्हा कुरणातले मासेही घटले होते. कासवं मग पुढच्या बेटांच्या लगूनकडे वळली आणि तिथेही तेच झालं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा एकामागून एक बेटांचा क्रम नोंदवलेला आहे.

म्हणजे इक्का जे म्हणत होते ते बरोबरच होतं. मच्छीमार हे कित्येक वर्षं सांगत होते. कासवं जाळी फाडतात, गवत खातात, मासे कमी झाले. पण शहरात बसून ऐकताना ते 'कासवांविरुद्धची तक्रार' वाटतं. मलाही वाटलं असतं. आपण वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघतो, टाळ्या वाजवतो, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे कासव म्हणजे नेहमी चांगली बातमी, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

मग कासवं मारायची का? नाही. इक्कांनाही तसं म्हणायचं नव्हतं. जगभरात हिरव्या कासवाला वाचवायला कायदे करावे लागले ते उगाच नाही. पण एक प्राणी वाचवला आणि त्याला आवरणारा शार्क कमी झाला, तर हिशोब अर्धाच राहतो. आणि त्या अर्ध्या हिशोबाची किंमत जो पहाटे आमिषाचे मासे शोधत फिरतो, तो भरतो. शिवाय 1998, 2010 आणि 2016 साली समुद्र तापल्यामुळे इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. बेटं समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच. बाहेरून लाटा अडवणारी प्रवाळाची भिंत आणि आतून वाळू धरणारं गवत, दोन्ही कमजोर झाली तर विमानातून दिसलेली ती चिंचोळी पट्टी कशाच्या भरवशावर राहणार?

निघायच्या आदल्या दिवशी मी इक्कांना विचारलं, "तुमच्या लहानपणी कसं होतं?" ते म्हणाले, "गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की गवत पोटऱ्यांना गुदगुल्या करायचं. आम्हा पोरांना भीती वाटायची, आत काहीतरी असेल म्हणून." मग हसून म्हणाले, "असायचंच."

तो व्हिडिओ मी डिलीट नाही केला. कॅप्शन बदलली. आता तिथे लिहिलंय, 'अगत्ती. सात कासवं. गवत शोधा.' लाइक्स वाढले नाहीत, पण तिघांनी मेसेज करून विचारलं, कसलं गवत? त्या तिघांना हा एपिसोड पाठवतोय.

तुम्ही मालवणला, अंदमानला, कुठेही पाण्यात डोकं घालाल तेव्हा किनाऱ्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा, इथे आधी काय होतं? उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये ऐकवू. चला, भेटू.