२ फेब्रुवारी १९२० : केकू गांधी यांचा जन्म

मुंबईचे कलाविक्रेते केकू गांधी यांचा आज जन्मदिन. तसबिरींच्या चौकटी विकता विकता या पारशी गृहस्थांनी १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ थाटली. चित्रकार हुसेन, तैयब मेहता तिथले नेहमीचे. १९७५ मध्ये मात्र तिथे डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे झळकले. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायचा तो वारली सवाशिणींनी. पुरुषाने, तेही कागदावर, रोज चित्रं काढावीत हेच आक्रीत! म्हशांना हेरलं चित्रकार भास्कर कुलकर्णींनी, शहरी गिऱ्हाइकापुढे आणलं केकूंनी. कलेच्या धंद्याला नाकं मुरडणारे हे सोयीने विसरतात. केकूंना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हशांना २०११ मध्ये. केकूंचं निधन २०१२ चं.