पडत्या काळातून परतलेले कलावंत : दुर्गा खोटे, ललिता पवार आणि भगवानदादा

नटाच्या आयुष्यात पडता काळ येणे यात नवल नाही. नवल आहे ते त्यातून परत येण्याचे. आपल्या घरांतल्या मुलांना ललिता पवार विचारल्या तर 'रामायणातली मंथरा' एवढे उत्तर येते. दुर्गा खोटे म्हटले की 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई. दोन्ही उत्तरे बरोबरच आहेत, पण ती या बायकांच्या दुसऱ्या आयुष्याची आहेत. पहिले आयुष्य एका फटक्यात संपल्यानंतर त्यांनी ते उभे केले. मंडळाच्या वाचकांसाठी ही माहिती एकत्र असावी म्हणून आम्ही ती येथे देत आहोत. मराठी कलावंतांपुरतेच लिहिले आहे, आणि त्यातही ज्यांच्याबद्दल ठामपणे सांगता येते त्यांच्यापुरतेच.

बोलपट आला तेव्हा

1931 आणि 1932 ही दोन वर्षे मराठी नटांच्या दृष्टीने मोठ्या उलथापालथीची. त्याआधी संगीत नाटक मंडळ्या मुंबई-पुण्याबरोबर बेळगाव, हुबळी, इंदूर, बडोदे अशा गावी मुक्काम करीत. गंधर्व नाटक मंडळीला तर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचा आश्रय होता. बोलपट आला आणि रात्रभर चालणाऱ्या नाटकाचा प्रेक्षक अडीच तासांच्या खेळाकडे वळला. येथे एकेका नटावरची मर्जी उतरली नव्हती, सगळ्या नाटकधंद्यावरचीच उतरली होती.

ज्यांनी भूमिकेचा साचा बदलला ते तरले. 1913 साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व मंडळी काढणारे गोविंदराव टेंबे 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले. महाराष्ट्र नाटक मंडळीत गाजलेले केशवराव दाते 'कुंकू' (1937) चित्रपटात तरुण मुलीशी लग्न करणारे वयस्क काकासाहेब झाले. आजही तो चित्रपट पाहताना त्या म्हाताऱ्याचा राग आणि कीव एकाच वेळी येते.

बालगंधर्वांना मात्र ते साधले नाही. 'प्रभात'ने त्यांना घेऊन 'धर्मात्मा' (1935) काढला. मूळ नाव 'महात्मा' होते, सेन्सॉरमुळे बदलावे लागले. त्यात नारायणराव संत एकनाथ, म्हणजे पुरुष भूमिकेत. ज्या प्रेक्षकाने पंचवीस वर्षे त्यांच्यात भामिनी, सिंधू, रुक्मिणी पाहिली त्याला दाढीमिशीतले नारायणराव रुचले नाहीत. 'प्रभात'शी जमलेला घरोबा त्या एकाच चित्रपटावर संपला. मानसन्मान पुढे मिळाले, 1964 साली पद्मभूषणही मिळाले. पण ते होऊन गेलेल्या वैभवाबद्दल होते.

दुर्गा खोटे (1905–1991)

दुर्गाबाई माहेरच्या लाड. वडील मुंबईतले सॉलिसिटर, शिक्षण इंग्रजी शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेजात. सासर खोट्यांचे, तेही श्रीमंत. ते वैभव ओसरले आणि दोन मुलांच्या आईला कमावणे भाग पडले. त्या काळी चांगल्या घरातली बाई सिनेमात जात नसे, हे वेगळे सांगायला नको.

1931 साली मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांना छोटीशी भूमिका मिळाली. चित्रपट बहुतांशी मूक, त्याला बोलता भाग जोडलेला. दुर्गाबाईंचे काम काही मिनिटांचे, पण जाहिरातीत लाड आणि खोटे या दोन्ही घराण्यांची नावे मिरवली गेली. चित्रपट भडक निघाला आणि सगळा ठपका त्यांच्यावर आला. ज्यांनी चित्रपट काढला त्यांना कोणी काही विचारले नाही. कारकीर्द सुरू होण्याआधीच संपावी अशी ही स्थिती होती. घरच्यांची मान खाली गेली आणि दुर्गाबाईंनी लोकांसमोर येणे टाळले.

अशा वेळी व्ही. शांतारामांनी त्यांना तारामतीची भूमिका देऊ केली. 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' फेब्रुवारी 1932 मध्ये प्रकाशित झाला. तो पहिला मराठी बोलपट. आमच्या मते या पुनरागमनातली खरी युक्ती भूमिकेच्या निवडीत आहे. ज्या समाजाने त्यांना नाके मुरडली, त्याच समाजाला त्यांना हरिश्चंद्राची पतिव्रता राणी म्हणून पाहावे लागले. एका वर्षात बोलणाऱ्यांची भाषा बदलली.

त्यानंतर दुर्गाबाई कोणत्याही एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. कलकत्त्यात 'राजरानी मीरा' (1933) आणि 'सीता' (1934), पुन्हा 'प्रभात'च्या 'अमरज्योती'त (1936) सूड उगवणारी समुद्रचाची सौदामिनी, 'साथी'ची (1937) निर्मिती, आचार्य अत्र्यांची 'पायाची दासी' (1941). पतिव्रतेच्या प्रतिमेत अडकून पडण्याचा धोका त्यांनी सौदामिनीची तलवार हाती घेऊन टाळला, असे म्हटले तर चालेल. रंगभूमीवरही त्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून वावरल्या. 'भाऊबंदकी'तली त्यांची आनंदीबाई जुने प्रेक्षक विसरले नाहीत. 'बिदाई' (1974) चित्रपटासाठी फिल्मफेअर, 1983 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि पुढे दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया'ची निर्मिती, हा सगळा हिशेब 'फरेबी जाल'नंतरचा आहे. त्यांचे 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत आहे. ज्या घरी ते असेल त्यांनी ते मुलांच्या हाती द्यावे.

ललिता पवार (1916–1998)

ललिताबाईंची गोष्ट अधिक कठीण, कारण त्यांची वाट लोकांच्या बोलण्याने नव्हे तर शरीराने अडवली होती.

मूळ नाव अंबा लक्ष्मण शगुन. जन्म येवल्याचा, म्हणजे पैठणीच्या गावचा, आणि वडील कापडाचे व्यापारी. मूकपटांच्या काळात बालवयातच त्या पडद्यावर आल्या. तीसच्या दशकात त्या नायिका होत्या. 'हिम्मत-ए-मर्दा' (1935) हे त्या काळातले गाजलेले नाव. 'दुनिया क्या है' (1937) त्यांनी स्वतः काढला. म्हणजे पंचविशीच्या आत नायिका आणि निर्माती अशा दोन्ही जागी त्या होत्या.

1942 च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात एका प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी त्यांच्या गालावर थप्पड मारायची होती. ती खरोखर जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार लांबले. चेहरा बराचसा सावरला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेचे भांडवल चेहरा, आणि नेमका तोच गेला.

येथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. घरी बसणे, किंवा डोळा लपवून जुन्याच भूमिका मागत राहणे. ललिताबाईंनी तिसरीच केली. चरित्र भूमिका घेतल्या आणि तो बारीक डोळा कॅमेऱ्यासमोर सरळ ठेवला. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'त (1944) त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी बाई कशी दिसत असेल, याचे चित्र मराठी मनात त्यांच्यामुळे पक्के झाले. (दुर्गाबाई आणि ललिताबाई, दोघींच्या वाट्याला आनंदीबाई यावी हाही एक योग.) मग शांतारामांच्या 'दहेज'मधली (1950) सासू आली आणि हिंदी चित्रपटाला त्याची कजाग सासू कायमची मिळाली.

त्यांना केवळ खाष्ट सासू म्हणून लक्षात ठेवणे मात्र अन्याय ठरेल. 'श्री 420'मधली (1955) केळी विकणारी गंगामाई, तोंडाने फटकळ आणि मनाने माऊली. हृषिकेश मुखर्जींच्या 'अनाडी'तली (1959) घरमालकीण मिसेस डिसा तर त्याहून सरस. भाडेकरूवर ओरडायचे आणि त्याच्यासाठी जीव टाकायचा, हे दोन्ही एकाच वाक्यात त्या करून दाखवतात. त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 1961 साली संगीत नाटक अकादमीनेही गौरव केला. 'आनंद'मधली (1971) मेट्रन त्याच जातकुळीची. त्यानंतर 1987 मध्ये दूरदर्शनवर मंथरा. तोवर त्या सत्तरीच्या झाल्या होत्या आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या मालिकेत त्यांचा डोळा पुन्हा घराघरांत पोचला.

अपघाताला ललिताबाईंनी कामाला लावले, असे लिहिण्याचा मोह होतो. आम्हांला ते पूर्ण पटत नाही. अपघात झाला नसता तर त्या आणखी दहा वर्षे नायिका राहिल्या असत्या आणि मग वयाने त्यांना आईच्या भूमिकांकडे ढकललेच असते. त्यांची हुशारी ही, की तो बदल त्यांनी पंचविशी-तिशीतच मनापासून स्वीकारला. त्यांच्या पिढीच्या कितीतरी नायिकांना चाळिशीतही तो जमला नाही.

भगवानदादा (1913–2002)

ज्यांच्या हाताने ती थप्पड बसली ते भगवान आबाजी पालव. त्यांचा प्रवास नेमका उलटा झाला. स्वस्तातल्या मारधाडपटांतून कामगार वस्तीतल्या प्रेक्षकाचे लाडके झालेले भगवान 1951 साली 'अलबेला' घेऊन आले. निर्माते, दिग्दर्शक, नायक तेच, जोडीला गीता बाली आणि सी. रामचंद्रांचे संगीत. देश नाचू लागला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळी मोटार, असे वैभव त्यांच्याबद्दल सांगितले जाते.

'झमेला' (1953) त्याच तिघांचा, पण 'अलबेला'ची जादू जमली नाही. पुढच्या चित्रपटांत पैसा बुडत गेला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. 'झनक झनक पायल बाजे' (1955) आणि 'चोरी चोरी'त (1956) त्यांना दुय्यम भूमिका मिळाल्या आणि नंतरच्या काळात गर्दीत दोन ठुमके मारून जाण्याइतकेच काम उरले. ते काम त्यांनी लाजेने सोडले नाही. स्वतःचे पैसे लावून पुन्हा नायक होण्याचा हट्ट जरा आधी सोडला असता तर विनोदी चरित्र नट म्हणून त्यांचे बस्तान नीट बसले असते, असे आमचे मत. फेब्रुवारी 2002 मध्ये दादरच्या चाळीत त्यांचे निधन झाले.

त्यांची नाचण्याची ढब मात्र टिकली. हातापायांना फारसे कष्ट न देता खांदे आणि कंबर यांवर ताल धरायची ती पद्धत अमिताभ बच्चन यांच्या नाचात सहज ओळखू येते. 2016 साली त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई भगवानदादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.