कनिष्क घातपात : बळींचे स्मरण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य

दहशतवादाच्या इतिहासात कट, संघटना आणि खटले यांची नोंद सविस्तर होते. बळींच्या वाट्याला मात्र बहुधा केवळ एक आकडा येतो. या दृष्टीने एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाचा घातपात अभ्यसनीय ठरतो. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्लीकडे निघालेले हे विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येस बॉम्बस्फोटामुळे समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॉम्बने दोन कामगारांचा बळी घेतला.

‘कनिष्क’मधील २६८ मृत कॅनडाचे नागरिक होते, त्यांतील बहुसंख्य भारतीय वंशाचे. तरीही कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान ब्रायन मुलरोनी यांनी शोकसंदेश दिला तो राजीव गांधी यांना. स्वतःच्याच नागरिकांचे मरण परदेशाचे दुःख मानले गेले. याउलट आयर्लंडमधील अहाकिस्ता या किनारी गावी १९८६ मध्येच स्मारक उभे राहिले. ज्यांचे मृतांशी रक्ताचे वा राष्ट्रीयत्वाचे कोणतेही नाते नव्हते, त्यांच्या भूमीवर दरवर्षी आप्तेष्ट एकत्र येऊ लागले. कॅनडात मात्र २३ जून हा दहशतवादाच्या बळींचा राष्ट्रीय स्मृतिदिन घोषित होण्यास २००५ साल उजाडावे लागले.

हे विस्मरण केवळ भावनिक नव्हते. न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने २०१० च्या अहवालात कॅनडाची गुप्तचर यंत्रणा आणि पोलीस यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीच्या अभावावर कठोर ताशेरे ओढले, तसेच मृतांच्या कुटुंबीयांच्या उपेक्षेचीही दखल घेतली. त्याच वर्षी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी कुटुंबीयांची क्षमा मागितली. ज्यांना आपले मानले नाही, त्यांच्या न्यायाची निकडही शासनास जाणवली नाही, असे यावरून म्हणता येते.

आंतरराष्ट्रीय पातळीवर हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडलेला दहशतवादविरोधी सर्वंकष कराराचा मसुदा दहशतवादाच्या व्याख्येवरील मतभेदांमुळे अद्याप संमत झालेला नाही. मात्र त्याच आमसभेने २०१७ मध्ये २१ ऑगस्ट हा दहशतवादाच्या बळींचा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन घोषित केला. दहशतवादी कोणास म्हणावे यावर राष्ट्रांचे एकमत होत नाही. बळी कोण, यावर होऊ शकते. म्हणूनच बळींचे स्मरण हा सहकार्याचा समारोप नसून त्याचा आरंभबिंदू आहे. अहाकिस्ताच्या किनाऱ्याने हे राष्ट्रांच्या कितीतरी आधी ओळखले होते.